समजूत एकाची, परिणाम दुसऱ्यास

मनुष्यास रोग झाला म्हणजे त्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हा रोग कशाने झाला, हा एक. आणि तो मलाच का झाला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास शोध, परीक्षा व धीर ही लागतात; परंतु दुसऱ्याचे उत्तर घरच्या घरी, चुलीपाशी बसल्या जागीच मिळते. कोणी म्हणतो, देवाचा कोप झाला. कोणी म्हणतो, वैऱ्याने करणी केली. कोणी म्हणतो, वाडवडिलांचे पाप भोवले. कोणी म्हणतो, हे घराण्यातच आहे, ह्यास उपाय नाही. हे उत्तर एकदा मनात बसले म्हणजे पुढची वाट तेच दाखविते. कोप मानणारा नवस बोलतो. करणी मानणारा देवऋष्याचे दार धरितो. पाप मानणारा तोंड लपवितो. आणि उपाय नाही असे मानणारा कोठेच जात नाही. औषध घ्यावे की न घ्यावे ह्याचा निर्णय मनुष्य डॉक्टरापुढे बसून करितो, असे आपणांस वाटते. पण खरे पाहता तो निर्णय पुष्कळदा दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वीच झालेला असतो.

ही गोष्ट सर्व रोगांस लागू आहे. तथापि सर्व रोगांविषयी एकदम बोलू गेल्यास काहीच नीट बोलून होत नाही. म्हणून आम्ही एकच रोग विचारास घेतो. तो महारोग होय, ज्यास आता कुष्ठरोग हे नाव रूढ झाले आहे. हाच रोग निवडण्याचे कारण असे की, ह्यात जंतूने केलेली हानी कोणती व समजुतीने केलेली हानी कोणती, हे बरेचसे वेगळे करून पाहता येते.

प्रथम हा रोग काय आहे ते पाहू. नॉर्वे देशातील बर्गेन शहरी गेऱ्हार्ड हान्सेन नामक डॉक्टराने १८७३ साली रोग्यांच्या गाठींत एक सूक्ष्म जंतु पाहिला, व हाच रोगाचे कारण असावा असे प्रतिपादन केले. हा जंतु फार मंद आहे. एकाचे दोन होण्यास त्यास सुमारे बारा ते चौदा दिवस लागतात; यास्तव तो शरीरात शिरल्यापासून पहिली खूण दिसेपर्यंत सरासरीने पाच वर्षे, आणि कधी कधी वीस वर्षेही जातात. बहुतेक मनुष्यांच्या शरीरात ह्या जंतूशी झुंजण्याची शक्ती मुळातच असते. म्हणून रोग फार थोड्यांस होतो. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या नाकातोंडातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांवाटे, आणि तेही दीर्घकाळच्या निकट सहवासाने, तो पसरतो. हातात हात दिल्याने किंवा एका पंक्तीस जेवल्याने तो लागत नाही. आईबापांच्या रक्तातून तो लेकरांत उतरत नाही.

त्याची पहिली खूण बहुधा कातडीवरील एक चट्टा असते. तो फिकट किंवा तांबूस असतो. खाजत नाही, दुखत नाही, आणि त्यावर कापसाचा बोळा फिरविला तर पुष्कळदा तेथे काही कळत नाही. पुढे कोपर, मनगट व गुडघा ह्यांजवळच्या नसा जाड होतात, आणि हातपाय बधिर होऊ लागतात. महारोगात बोटे आपोआप झडतात, असे लोक शेकडो वर्षे मानीत आले. वेल्लोर येथील डॉक्टर पॉल ब्रँड ह्यांनी १९४६ नंतरच्या काळात रोग्यांच्या हातांचे बारकाईने निरीक्षण करून दाखवून दिले की, बोटांचा नाश मुख्यत्वे बधिरपणामुळे झालेल्या इजांनी होतो. तापलेला तवा हातास कळत नाही. पायात काटा मोडला तर कळत नाही. वहाण चावली तर कळत नाही. रात्री निजल्यावर उंदराने बोट कुरतडले तरी कळत नाही. वेदना ही आपल्या देहाची राखणदार आहे. राखणदार गेला म्हणजे शेताची जी गत होते, तीच त्या हाताची होते.

आणि ह्या रोगास औषध आहे. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन जातीची औषधे आली. पुढे १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञमंडळाने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने ती घ्यावयाची असतात. १९९५ पासून ती जगभर रोग्यांस फुकट मिळत आली आहेत, व आपल्या सरकारी आरोग्य केंद्रातही त्यांस एक पैसाही पडत नाही. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत रोग्यापासून दुसऱ्यास लागण होण्याचे भय उरत नाही.

आता वाचकांनी विचार करावा. रोग मंद आहे. तो सहज लागत नाही. त्याची खूण अंगावर उघड दिसते. औषध खात्रीचे व फुकट आहे. असे असता ह्या रोगाने आजवर कोणाचा हात वाकडा होऊ नये. परंतु भारतात अजूनही दर वर्षी एक लाखाहून अधिक नवे रोगी आढळतात, आणि ही संख्या साऱ्या जगातील नव्या रोग्यांच्या निम्म्याहून जास्त आहे. त्यांतील काही जण दवाखान्यात पहिल्याने येतात तेव्हाच त्यांच्या हातापायांत विकृती आलेली असते. मधली वर्षे कोठे गेली?

असे कल्पू की, एका शेतकऱ्याच्या स्त्रीच्या दंडावर एक फिकट चट्टा उठला. प्रथम ती म्हणते, हे शिबे असेल, नायटा असेल; आणि कोणी सांगितलेला पाला चोळिते. चट्टा जात नाही. मग तिच्या मनात ती दुसरी शंका येते, जिचे नावही ती उच्चारीत नाही. तिची मुलगी उपवर आहे, सोयरीक बोलणीत आहे. ती स्त्री पोलक्याची बाही दोन बोटे लांब करविते, आणि गप्प राहते. आता आम्ही विचारतो, ही स्त्री मूर्ख आहे काय? तिला रोगाविषयी काही ठाऊक नसेल. पण आपल्या गावाविषयी सर्व ठाऊक आहे. चट्टा दाखविला तर सोयरीक मोडेल, सुनेचे माहेर तुटेल, पाणवठ्यावर बायका घागर बाजूला घेतील, हा तिचा हिशोब खोटा नाही. ती आपल्या अज्ञानामुळे जेवढी गप्प आहे, त्याहून अधिक आपल्या शेजाऱ्यांस ओळखून आहे म्हणून गप्प आहे.

तीन वर्षे लोटतात. तिची करंगळी वाकते. तव्यावर भाजलेले बोट चिघळते. आता लपविणे संपले. गाव तिच्याकडे पाहून म्हणते, पाहा, हा रोग असाच असतो, हा बरा होत नाही. ह्याप्रमाणे समजुतीने भय उपजविले, भयाने विलंब केला, विलंबाने विकृती आणिली, आणि त्या विकृतीनेच समजुतीची साक्ष भरली. ज्याने वेळेवर औषध घेतले व जो पूर्ण बरा झाला, त्याच्या अंगावर बहुधा खूण राहत नाही. तो शेजारीच राहतो, आणि कोणास ठाऊकही नसते. म्हणजे समजुतीस खोटे पाडणारे साक्षीदार अदृश्य, आणि तिला खरे ठरविणारे मात्र रस्त्यावर उभे. ह्या फेऱ्यातून केवळ डोळ्यांवर विसंबणारा मनुष्य सुटणे कठीण आहे.

हा दोष खेडेगावच्या लोकांचाच, असे कोणी समजू नये. हान्सेनच्या आधी बर्गेन शहरीच डानिएल्सेन नावाचे मोठे विद्वान डॉक्टर होते. १८४७ साली त्यांनी व बेक नामक सहकाऱ्याने ह्या रोगावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो सर्वत्र मान्य झाला. त्यात हा रोग आनुवंशिक आहे असे मत मांडिले होते. डानिएल्सेन ह्यांनी रोग्याच्या शरीरातील द्रव्य स्वतःच्या अंगात टोचून घेतले. रोग झाला नाही. तेव्हा आपले मत सिद्ध झाले असे त्यांस वाटले. रोग फार थोड्यांस होतो, म्हणून त्यांस झाला नाही, हे आज आपणांस कळते. धैर्य खरे होते, प्रयोगही खरा होता. पण समजूत आधी ठरलेली असल्यामुळे प्रयोगाने तीच वदविली. पुढे त्यांचाच जावई झालेला हान्सेन ह्याने ते मत खोडून काढिले.

हान्सेनचे मत मान्य झाल्यावर पारडे दुसऱ्या बाजूस झुकले. रोग लागतो असे ठरताच रोग्यास दूर करणे हाच मोठा उपाय वाटू लागला. आपल्या देशात १८९८ साली महारोग्यांविषयी कायदा झाला. त्यान्वये निराधार रोग्यांस धरून आश्रमात पाठविता येई व काही धंदे त्यांस बंद होत. आश्रमांतून जखमा धुणारे व अन्न देणारे हात पुष्कळ होते, त्यांची सेवा खरी होती. पण तेथेही पुष्कळ ठिकाणी स्त्रीपुरुषांस वेगळे ठेवीत, आणि निरोगी लेकरांस आईबापांपासून दूर वाढवीत. तो १८९८ चा कायदा रद्द झाला २०१६ साली. आणि पतिपत्नीपैकी एकास कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यांत लिहिलेले होते. ख्रिस्ती लोकांच्या कायद्यातही ते होते. ते कलम निघाले २०१९ साली. तीन औषधांची शिफारस १९८१ ची, आणि कलम निघाले २०१९ साली; म्हणजे रोग बरा होतो हे ठाऊक झाल्यावरही अडतीस वर्षे जुनी समजूत कायद्याच्या पुस्तकात सुखाने नांदली. मग पाणवठ्यावरच्या बायकांसच काय म्हणून दोष द्यावा?

येथे नीतीचा प्रश्न उपस्थित होतो. ज्याची समजूत चुकीची आहे, आणि त्या समजुतीने जो आपली किंवा दुसऱ्याची हानी करितो, त्याच्याशी आपण कसे वागावे? ह्याची दोन उत्तरे लोक देतात. एक पक्ष म्हणतो, हे अडाणी लोक आहेत, ह्यांस धाकात घेऊन सुधारावे. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याची त्याची श्रद्धा, आपण मध्ये का पडावे? आमच्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

पहिल्याविषयी हान्सेनचीच गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याचे मत खरे होते. परंतु ते सिद्ध करण्याच्या भरात १८७९ साली त्याने एका रोगी स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, रोगद्रव्य टोचण्याचा प्रयोग केला. ह्याबद्दल १८८० साली न्यायालयाने त्यास रुग्णालयातील पदावरून दूर केले. ह्यावरून दिसते की, खरी समजूत असलेल्या मनुष्याच्या हातूनही अन्याय होतो, जर समोरच्या मनुष्यास तो मनुष्य मानीत नसेल. शिवाय धाकाने चट्टा अधिकच लपतो. जो झिडकारला जाईल असे भितो, त्यास झिडकारून दवाखान्यात नेता येत नाही.

दुसरे उत्तर वरकरणी सौम्य दिसते. पण त्यात एक मोठी चूक आहे. रोगाविषयीची समजूत ही ज्याची त्याची खाजगी मिळकत आहे, असे ते गृहीत धरिते. वर कल्पिलेल्या स्त्रीकडे पुन्हा पाहा. तिने बाही लांब केली ती स्वतःच्या समजुतीने नव्हे, तर व्याह्यांच्या, शेजारणींच्या आणि गावाच्या समजुतीने. निरोगी मनुष्य मनात जे मानितो, त्याचे मोल रोगी मनुष्य आपल्या बोटांनी चुकवितो. मी तर कोणास बोललो नाही, कोणास हाकलले नाही, मनात काय मानितो ते माझे मी, असे म्हणणारा मनुष्य विसरतो की, त्याच्या मनातील ती गोष्ट शेजाऱ्यास भिंतीपलीकडूनही ऐकू येते. म्हणून रोगाविषयी खरे काय ते जाणून घेणे ही केवळ रोग्याची गरज नव्हे. ते निरोग्याचे कर्तव्य आहे.

कोणी म्हणेल, भय ही मनुष्याच्या हातची गोष्ट नाही. हे आम्हांस मान्य आहे. बाबा आमटे ह्यांनी स्वतः सांगितले आहे की, मरणोन्मुख अशा एका रोग्यास प्रथम पाहिले तेव्हा आपण भ्यालो. परंतु ते परत त्याच्याकडे गेले. आणि पुढे १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली. त्यांच्या आधी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण ह्यांनी हे काम आरंभिले होते. तेव्हा आजचा उपचार नव्हता. भय येणे हा दोष नव्हे. भयास कारण विचारावयाचे नाही, हा दोष होय.

आमच्या मंडळ्यांतून ह्या विषयाची आणखी एक बाजू आहे, ती टाळणे बरे नव्हे. शास्त्रात ह्या रोगाचे नाव येते, म्हणून तो पापाचा दंड आहे असे कित्येक समजतात. पण लेवीय पुस्तकात ज्या चट्ट्याचे नियम आहेत, तो वस्त्रावर व घराच्या भिंतीवरही पडत असे असे तेथेच सांगितले आहे. तेव्हा ते नाव केवळ आजच्या ह्या रोगाचे असू शकत नाही. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस मुकाट्याने बसून राहिले. त्यांची चूक त्यापुढे झाली, जेव्हा त्यांनी तोंड उघडून त्याच्या दुःखाचे कारण सांगण्यास आरंभ केला. जन्मांध मनुष्यास पाहून पाप कोणाचे असे शिष्यांनी विचारिले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच मान्य केला नाही. आणि कुष्ठी मनुष्यास त्याने बरे केले ती हकीकत वाचताना क्रम ध्यानात घ्यावा: स्पर्श आधी झाला, शुद्धी मागाहून. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे असे मानणाऱ्यांस आम्ही इतकेच विचारतो की, रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करणारा शेतकरी पेरणी सोडून देतो काय?

आता उपदेशक बंधूंस व मंडळीतील वडीलधाऱ्यांस काय करिता येईल? चट्टा दिसला तर कारण सांगू नये. आरोग्य केंद्रात सोबत जावे. एकट्याने जाण्यापेक्षा सोबतीने जाणे हे अर्धे औषध आहे. दुसरे, औषधाविषयी खरे ते सर्व आधीच सांगावे, कारण न सांगितलेली गोष्ट नवी समजूत उपजविते. रिफाम्पिसिनने लघवी तांबडी होते; ती पाहून रक्त जाते असे वाटून कित्येक घाबरतात. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. औषध संपल्यावर ती हळूहळू निवळते. उपचार चालू असता कधी चट्टे लाल होऊन सुजतात, नसा ठणकतात; लोक म्हणतात, औषध बाधले, आणि गोळ्या टाकून देतात. वस्तुतः ती शरीराची जंतूविरुद्ध चाललेली झुंज असते. त्या वेळी गोळ्या सोडावयाच्या नसून त्वरित डॉक्टरास दाखवावयाचे असते, नाही तर नस कायमची जाते. तिसरे, खोटे आश्वासन देऊ नये. गेलेले बोट परत येत नाही, आणि जुना बधिरपणा पुष्कळदा तसाच राहतो. बधिर हातापायांस रोज डोळ्यांनी तपासणे, मऊ पादत्राण वापरणे, तवा फडक्याने धरणे, हे जन्मभर करावे लागते. बोटे वाकडी राहिली म्हणजे रोग राहिला असे नव्हे, हे रोग्यास जितके सांगावे, त्याहून अधिक त्याच्या शेजाऱ्यांस सांगावे.

आणखी एक सूचना. २००५ साली डिसेंबरात ह्या देशात दहा हजारांत एकाहून कमी रोगी उरले, म्हणून रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. हे मोठे यश खरे. परंतु त्यातून रोग समूळ गेला अशी नवीच समजूत पसरली. रोग आता नाहीच असे मानणारा चट्ट्याकडे पाहत नाही. रोग असाध्य आहे असे मानणारा पाहूनही दाखवीत नाही. दोघांचा विलंब सारखाच.

आमचे सांगणे थोडक्यात हे आहे. रोग्यास औषध देणे हे डॉक्टराचे काम. ते औषध मागण्यास त्याला भय वाटू नये असे गाव करून ठेवणे हे आपणां सर्वांचे काम. पुढल्या लग्नकार्यात ज्याच्या हाताची बोटे वाकडी आहेत असा मनुष्य मांडवाच्या कडेला उभा दिसला, तर त्यास हात धरून पंक्तीत बसवावे व त्याच्या शेजारी आपण बसावे. त्या पंक्तीत, लांब बाहीचे पोलके घातलेली कोणी स्त्री बसलेली असेल. ती काही बोलणार नाही. पण तिचे लक्ष तिकडेच असेल.